उद्यमबाग ते ड्युसबुर्ग: बिडाच्या कास्टिंगचा एक कंटेनर

बेळगावच्या उद्यमबागेतला कंटेनर मुंबईजवळच्या न्हावा शेवा बंदराच्या गेटवर अडकला की फोनाफोनी सुरू होते. सीएचएला (सीमाशुल्काचं काम बघणाऱ्या दलालाला), ट्रान्सपोर्टवाल्याला, शिपिंग लाइनच्या (जहाज कंपनीच्या) ऑफिसला. अडकण्याचं कारण मात्र बहुतेक वेळा पाचशे किलोमीटर मागे, आपल्याच डिस्पॅचच्या टेबलावर सापडतं: वजनाचा चुकलेला आकडा, इन्व्हॉइस नंबरातलं एक जादा शून्य, नाहीतर ओल्या लाकडाची पेटी. निर्यातीचं निम्म्याहून जास्त काम बेळगावातच उरकतं किंवा बिघडतं. आम्ही हे काम डिस्पॅचच्या बाजूने करतो. उद्यमबाग, मच्छे, होनगा, काकती भागातल्या ज्या फौंड्री आणि मशिन शॉप पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर माल पाठवायला निघाल्या आहेत, त्यांच्यासाठी हा क्रम लिहीत आहोत.

आकडे जुळवत जाता यावेत म्हणून एकच माल धरू. पंपाचं बिडाचं हाउसिंग, नगाला साडेअकरा किलो. एका पेटीत १०० नग, अशा २० पेट्या, म्हणजे २,००० नग. वीसफुटी कंटेनर. गिऱ्हाईक जर्मनीच्या पश्चिम भागात. ट्रेलरने न्हावा शेवा, जहाजाने रॉटरडॅम, तिथून ऱ्हाइन नदीतून बार्जने (मालवाहू बोटीने) ड्युसबुर्ग आणि शेवटच्या टप्प्याला पुन्हा ट्रेलर.

गोवा एवढं जवळ असताना मुंबईला का, असं नवीन माणूस हमखास विचारतो. मुरगाव बंदर आपल्याला फार जवळ आहे हे खरं, पण युरोपला थेट जाणारी मोठी कंटेनर जहाजं तिथे लागत नाहीत आणि रिकाम्या कंटेनरचा साठा न्हावा शेव्यालाच असतो. वाचलेलं डिझेल पुढे दुसऱ्या बंदरातल्या जहाजबदलात आणि वाट बघण्यात जातं.

आधी वजन

वीसफुटी कंटेनरमध्ये साधारण ३३ घनमीटर जागा असते. बीड भरताना ती जागा कधीच संपत नाही, वजन आधी संपतं. कंटेनरच्या दारावर कमाल एकूण वजन बहुधा ३०,४८० किलो लिहिलेलं असतं आणि रिकाम्याचं वजन २,२०० ते २,३०० किलो. म्हणजे कागदावर २८ टन बसतात. तेवढे भरू नका. जर्मनीत रस्त्यावर गाडीचं एकूण वजन ४० टनांपर्यंतच चालतं. रेल्वे किंवा बार्जच्या टर्मिनलपासून गिऱ्हाइकापर्यंतच्या टप्प्याला ४४ टनांची सवलत आहे. अमेरिकेला माल जाणार असेल तर गणित आणखी आवळतं. तिथे एकूण मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६.३ टन आहे, त्यामुळे याच पेट्या चारेक कमी भराव्या लागतात, कधी त्याहूनही कमी. जहाज काय उचलतं ते नंतर बघायचं. आधी शेवटच्या रस्त्यावर किती चालतं ते गिऱ्हाइकाला विचारायचं आणि तिथून मागे मोजत यायचं.

आपल्या मालाची चार वेगवेगळी वजनं होतात. निव्वळ माल २३,००० किलो. पेट्या, पिशव्या, पट्ट्या धरून २४,४०० किलो. त्यात आधाराची लाकडं १०० किलो आणि कंटेनरचं स्वतःचं २,२३० किलो मिळवलं की २६,७३० किलो, हे व्हीजीएम, म्हणजे भरलेल्या कंटेनरचं तोलून कळवायचं एकूण वजन. ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून १४,२०० किलो असतील तर काट्याच्या पावतीवर ४०,९३० किलो दिसतं. पहिला आकडा इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि शिपिंग बिलात (सीमाशुल्काकडे भरायच्या निर्यातीच्या अर्जात) निव्वळ वजन म्हणून जातो. दुसरा पॅकिंग लिस्टमध्ये, शिपिंग बिलात आणि बिल ऑफ लेडिंगवर (बीएल, लाइनने दिलेली मालाची पावती) एकूण वजन म्हणून. तिसरा फक्त लाइनला आणि टर्मिनलला. चौथा आपल्या फाइलला.

घोळ नेहमी दुसऱ्या आणि तिसऱ्या आकड्यात होतो. कुणीतरी घाईत पॅकिंग लिस्टवरचे २४,४०० व्हीजीएम म्हणून कळवतं. टर्मिनलच्या काट्यावर सव्वादोन टनांहून जास्त फरक निघतो आणि कंटेनर बाजूला काढला जातो. किंवा उलटं, बीएलच्या मसुद्यात २६,७३० पडतात, ते कुणी वाचत नाही, आणि बँकेत कागद गेल्यावर शिपिंग बिल व बीएल जुळत नाहीत. १ जुलै २०१६ पासून व्हीजीएम दिल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढवता येत नाही, हा जगभराचा सागरी सुरक्षेचा नियम आहे. जहाजावर कोणता डबा खाली आणि कोणता वर हे याच आकड्यावरून ठरतं, म्हणून तो अंदाजाने द्यायचा आकडाच नाही.

तो काढायची आमची पद्धत अशी. रिकामा कंटेनर घेऊन ट्रेलर आला की आत घेण्याआधीच काट्यावर चढवायचा. भरून झाला की त्याच काट्यावर पुन्हा. दोन पावत्यांतला फरक म्हणजे माल आणि लाकडं. त्यात दारावरचं रिकामं वजन मिळवायचं. ड्रायव्हर आणि क्लिनर दोन्ही वेळा गाडीत किंवा दोन्ही वेळा खाली. मध्ये डिझेल भरायचं नाही. संपूर्ण ट्रेलर एकदम बसेल एवढ्या लांबीचाच काटा निवडायचा. पुढची चाकं एकदा, मागची एकदा असं तोललेलं वजन धरायचं नाही. काट्याला वैधमापन खात्याचा चालू शिक्का आहे ना, तेही बघायचं. आलेला आकडा पेट्यांच्या वजनांच्या बेरजेशी ताडायचा. पन्नास-शंभर किलोंचा फरक समजू शकतो. चारशेचा फरक आला तर कंटेनर हलवू नका.

आणि चारशेचा फरक येतो. वाळूचा साचा सैल भरला गेला की कास्टिंगची भिंत जाड होते, नग साडेअकराऐवजी अकरा किलो सातशे ग्रॅमचा निघतो. एका नगाला दोनशे ग्रॅम काहीच वाटत नाहीत, पण २,००० नगांना ते ४०० किलो होतात. ड्रॉइंगवरचं वजन गुणिले नग असा हिशोब करून पॅकिंग लिस्ट बनवणाऱ्यांचा माल इथेच फसतो. प्रत्येक पेटी प्लॅटफॉर्म काट्यावर चढवून तिचं खरं वजन पेटीवर आणि रजिस्टरात लिहायचं. दर नगावर असला तरी वजन काट्यावरचंच.

पेटी, तेल आणि ओल

युरोपचं पॅलेट १.२ बाय ०.८ मीटरचं. ती वीसफुटी कंटेनरमध्ये एका थरात ११ बसतात, पण आडवी-उभी लावून, आणि रुंदीत पस्तीसेक सेंटिमीटरची फट राहते. जड मालाला ही फट घातक. म्हणून गिऱ्हाइकाची हरकत नसेल तर आम्ही १.१४ मीटरची चौरस पेटी सुचवतो. कंटेनरची आतली रुंदी २.३५ मीटर, त्यात दोन पेट्यांचे २.२८ मीटर होतात, लांबी ५.९ मीटर, त्यात पाच पेट्यांचे ५.७. एका थरात दहा, दोन थरांत वीस. बाजूला सात सेंटिमीटर आणि लांबीत वीस सेंटिमीटर उरतात, ते लाकडाने भरून काढता येतात.

खालच्या पेटीवर १,२२० किलोंची दुसरी पेटी महिनाभर हलत्या जहाजात बसणार असते. भार फळ्यांवर येता कामा नये, चारही कोपऱ्यांच्या खांबांवर यायला हवा. खांब पेटीच्या तळाच्या पायापर्यंत सरळ खाली उतरलेले असावेत. वरची पेटी दोन इंचांनी सरकून बसली तरी तिचा पाय खालच्या झाकणात घुसतो, म्हणून कोपऱ्यांना पत्र्याचे कोन लावून दोन पेट्यांची जोडी स्टीलच्या नाहीतर पीईटीच्या (प्लास्टिकच्या) पट्टीने बांधूनच टाकायची.

लाकडाला आयएसपीएम-१५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, आंतरराष्ट्रीय शिक्का लागतो. गव्हाच्या लोंबीची खूण, आयएन हे देशाचं अक्षर, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि एचटी. एचटी म्हणजे लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटं. आधाराला ठोकायच्या ठोकळ्यांनाही हाच शिक्का हवा. पेट्या शिक्क्याच्या आणि पाचर मात्र आवारात पडलेल्या फळीची, असं चालत नाही. पण शिक्का म्हणजे लाकूड सुकं आहे असं नव्हे. उष्णता दिल्यानंतर तेच लाकूड पावसात उघड्यावर पडलेलं असू शकतं. जून ते सप्टेंबर बेळगावची हवा कशी असते हे सांगायला नको. ओलावा मोजायचा मीटर फार महाग नाही. वीस टक्क्यांवर काटा गेला तर ती पेटी परत. ओली पेटी बंद कंटेनरमध्ये ठेवणं म्हणजे मालाशेजारी पाणी ठेवणंच.

गंजाच्या तक्रारी आल्या की सगळे समुद्राच्या खाऱ्या हवेला दोष देतात. आमच्या पाहणीत गंज बहुतेक वेळा इथूनच बरोबर गेलेला असतो. मशिनिंगचं कूलंट नीट धुतलं नाही, धुतल्यावर माल पूर्ण वाळला नाही, किंवा उघड्या हाताने हाताळला. घामाचे बोटांचे ठसे जर्मनीत तांबडे होऊन उमटतात. आणखी एक बारीक गोष्ट: वाळवणीतून निघालेला नग कोमट असतानाच व्हीसीआय (गंज रोखणारी वाफ सोडणाऱ्या) पिशवीत घातला तर थंड होताना पिशवीच्या आत पाणी धरतं. नग खोलीच्या तापमानाला आला पाहिजे, मग तेल, तेल निथळू द्यायचं, मग पिशवी. पिशवीचं तोंड घट्ट बंद. व्हीसीआयची वाफ पिशवीत कोंडून राहिली तरच ती काम करते; फाटकी पिशवी म्हणजे नुसतं प्लास्टिक.

प्रवासात उबेतून थंडीत जाताना कंटेनरचं पत्र्याचं छत रात्री गार पडतं, आतली दमट हवा तिथे पाणी होऊन खाली ठिबकते. त्यासाठी कॅल्शियम क्लोराइडच्या ओल शोषणाऱ्या पट्ट्या, वीसफुटीला सहा ते आठ, भिंतींच्या खाचांत टांगायच्या. त्या अगदी दार बंद करायच्या वेळीच उघडायच्या. सकाळी उघडून ठेवल्या आणि कंटेनर संध्याकाळी भरला, तर त्यांनी उद्यमबागेचीच ओल पिऊन घेतलेली असते.

कंटेनर येतो तेव्हा

रिकामा कंटेनर न्हावा शेव्याकडच्या यार्डातून उचलून इथे आणायचा आणि भरून परत न्यायचा, म्हणजे भाडं दोन्ही वाटांचं. फाटका कंटेनर आला तर बदलायला पुन्हा तेवढीच फेरी. म्हणून तपासणी यार्डातच. ड्रायव्हरदादांना आधीच सांगून ठेवायचं: आत उभे राहा, दारं लावून घ्या, कुठून उजेड येतो का बघा, आणि जमिनीचे, छताचे, दाराच्या रबराचे फोटो पाठवून मगच यार्ड सोडा. इथे आल्यावर पुन्हा तेच. जमिनीवर आधीच्या मालाचे खिळे, तेलाचे डाग, उग्र वास नको. कंटेनर नंबर चार अक्षरं आणि सात आकड्यांचा असतो. शेवटचा चौकटीतला आकडा आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने निघतो. नंबर टाइप करताना चूक झाली तर तो आकडा जुळत नाही, म्हणून कागदांवर नंबर नेहमी दारावरूनच उतरवायचा, कुणाच्या मेसेजमधून नाही.

आपल्याकडच्या बहुतेक शेडना डॉक नाही. ट्रेलरवरच्या कंटेनरची जमीन छातीच्या उंचीवर. रॅम्प नसेल तर फोर्कलिफ्टने जोडी दाराच्या कडेवर ठेवायची आणि आतून हँड पॅलेट ट्रकने ओढून न्यायची. जोडीचं वजन २,४४० किलो, म्हणजे अडीच टनी पॅलेट ट्रकची जवळजवळ सगळी ताकद. फोर्कलिफ्टचंही नीट वाचून घ्यावं. तीन टनाची क्षमता भाराचा मध्य काट्यांच्या मुळापासून ५०० मिलिमीटरवर असताना धरलेली असते. आपल्या पेटीचा मध्य ५७० वर येतो, त्यामुळे क्षमता उतरते. मशिनवरच्या पाटीवर तो तक्ता असतो. ट्रेलर सपाट जागेवर, चाकांना ठोकळे, हँडब्रेक ओढलेला. ट्रॅक्टर सोडून नुसत्या ट्रेलरवर भरायचं असेल तर पुढच्या टोकाखाली टेकू हवाच, नाहीतर पहिल्या जोड्या पुढच्या भिंतीशी गेल्या की ट्रेलर नाकावर बसतो.

भार लांबीत सारखा वाटायचा. कंटेनरच्या निम्म्या लांबीत ६० टक्क्यांहून जास्त वजन नको. आपल्या वीस पेट्या सारख्या आहेत म्हणून हे आपोआप जुळतं. मिश्र माल असेल तर आधी कागदावर चित्र काढा. उरलेली फट लाकडाच्या चौकटीने भरायची. पेट्यांना चार दिशांनी कुठेही सरकायला जागा नको, विशेषतः दाराकडे. तिकडच्या शेवटच्या जोडीमागे आडवे ठोकळे जमिनीला ठोकायचे, कारण दार हे भार पेलायला नाही आणि जर्मनीत ते उघडणारा माणूस समोरच उभा असतो. आतल्या जमिनीलगतच्या कड्या साधारण एक टन ओढ घेतात. २४ टनांचा माल नुसत्या पट्ट्यांनी धरून ठेवता येत नाही.

भरताना फोटो: रिकामा, अर्धा, पूर्ण, एक दार बंद, दोन्ही बंद, सील. प्रत्येकात कंटेनर नंबर दिसेल असा एखादा तरी. विम्याच्या दाव्यात या फोटोंइतका उपयोगी कागद दुसरा नाही.

कारखान्यातच सील लावायचं असेल तर आपल्या क्षेत्राच्या सीमाशुल्क कार्यालयाची परवानगी आधी काढून ठेवावी लागते. २०१७ पासून हे सील आरएफआयडीचं (यंत्राने दुरून वाचता येणारं), निर्यातदाराने स्वतः लावायचं. सीलचा नंबर, वेळ, गाडी नंबर, कंटेनर नंबर आणि शिपिंग बिल नंबर ऑनलाइन भरायचे. बंदरावर यंत्राने सील वाचलं जात नाही किंवा नंबर जुळत नाही, तेव्हा कंटेनर उघडून तपासायला जातो. मग आपण ठोकलेली चौकट तिथले मजूर काढतात, आणि ती पुन्हा तशीच बसेल याचा भरवसा नसतो.

कागद

पहिल्यांदा निर्यात करणाऱ्याने बुकिंगच्या बऱ्याच आधी दोन गोष्टी बघाव्यात. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचं काम बघणाऱ्या शाखेचा क्रमांक) आइसगेटवर, म्हणजे सीमाशुल्काच्या पोर्टलवर, त्या बंदरासाठी नोंदलेला हवा. तो बंदरागणिक वेगळा नोंदवावा लागतो, गोव्याला नोंदलेला न्हावा शेव्याला चालत नाही. आणि आयईसी (आयात-निर्यातदाराचा कोड) दर वर्षी एप्रिल ते जूनमध्ये ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरी. नाही केला तर तो बंद पडतो आणि हे नेमकं शिपिंग बिल भरताना कळतं.

एचएस कोड (मालाच्या वर्गाचा जागतिक क्रमांक) ठरवणं हे सीएचएवर सोडून देण्यासारखं काम नाही. कच्चं बिडाचं कास्टिंग सहसा ७३२५ मध्ये जातं. मशिनिंग होऊन पंपाचा भाग म्हणून ओळखू येणारं हाउसिंग ८४१३ ९१ मध्ये. सवयीने 'लोखंडाच्या इतर वस्तू' म्हणून ७३२६ टाकणारे पुष्कळ आहेत, आणि त्याचा फटका आता गिऱ्हाइकाला बसतो. युरोपच्या कार्बन शुल्काच्या २०२३ च्या मूळ यादीत ७३२६ आहे, ७३२५ नाही. संक्रमणाचा काळ ३१ डिसेंबर २०२५ ला संपला, १ जानेवारी २०२६ पासून खरी व्यवस्था लागू झाली. चुकीचा कोड टाकला की गिऱ्हाईक तुमच्याकडे भट्टीतून निघणाऱ्या कार्बनचा हिशोब मागायला लागतं. कोड त्याच्या आयात दलालाकडून लेखी पक्का करून घ्या. तोच सहा आकडी कोड जहाजावर माल चढण्याआधी युरोपच्या सीमाशुल्काला कळवावा लागतो; जून २०२४ पासून समुद्री मालालाही हे लागू आहे, आणि त्यात माल घेणाऱ्याचा ईओआरआय नंबरही (युरोपच्या सीमाशुल्कातला नोंदणी क्रमांक) येतो. वर्णनात नुसतं 'मशिनरी पार्ट्स' लिहिलं तर लाइनच परत पाठवते. 'पंपाचं बिडाचं हाउसिंग, मशिनिंग केलेलं' असं स्पष्ट हवं.

जीएसटीत दोन वाटा आहेत. एलयूटी (हमीपत्र) देऊन कर न भरता निर्यात, किंवा आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी) भरून नंतर परतावा. दुसऱ्या वाटेत शिपिंग बिल हाच परताव्याचा अर्ज असतो आणि सगळं जुळणी करणाऱ्या यंत्रावर अवलंबून राहतं. जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या विवरणपत्रात) ०२४ आणि शिपिंग बिलात २४ असा इन्व्हॉइस नंबर पडला की एसबी ००५ ही त्रुटी येते आणि परतावा थांबतो. लाइनने निर्यातीचा मॅनिफेस्ट (जहाजावरच्या मालाची यादी) भरलाच नाही तर एसबी ००२. पहिली चूक आपली, दुसरी आपली नाही, पण पाठपुरावा दोन्हींत आपल्यालाच करावा लागतो. सीएचएकडून चेकलिस्ट (शिपिंग बिलाचा मसुदा) आली की इन्व्हॉइस नंबर, तारीख, जीएसटी नंबर, वजनं आणि रोडटेपच्या (निर्यात मालावरचे कर परत देणाऱ्या योजनेच्या) दाव्याची खूण, एवढं एका माणसाने मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने मूळ कागदावर बघायचं. रोडटेपची खूण शिपिंग बिलात राहून गेली तर नंतर ते पैसे मिळवणं फार अवघड.

विक्रीच्या अटींबद्दल थोडक्यात. कारखान्यात भरलेल्या कंटेनरला एफओबीपेक्षा एफसीए बरोबर बसतं; त्यात माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की आपली जोखीम संपते. एफओबीत माल जहाजावर चढेपर्यंत जोखीम आपली, आणि टर्मिनलच्या आत काय होतं यावर आपला काही ताबा नसतो.

रस्ता

ई-वे बिलात (रस्त्याने माल नेण्याच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदात) घेणाऱ्याच्या जागी यूआरपी (जीएसटी नोंदणी नसलेला), राज्य 'अन्य देश', पिन ९९९९९९. माल पोचवायचं ठिकाण मात्र बंदर, पिन ४००७०७. निघायचा पिन उद्यमबागेचा ५९०००८. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, म्हणजे आपल्याला तीन. वाटेत गाडी बदलली तर ई-वे बिलाच्या भाग ब मध्ये नव्या गाडीचा नंबर टाकल्याशिवाय हलायचं नाही. मुदत वाढवायची खिडकी संपण्याच्या आधी आठ तास आणि नंतर आठ तास, एवढीच.

राज्यांच्या सीमेवरचे विक्रीकर नाके जीएसटी आल्यावर उठले. त्यामुळे कोगनोळीला कागदांसाठी रांग लागत नाही, पण आरटीओची नजर वजनावर असते आणि फिरती पथकं कुठेही ई-वे बिल मागू शकतात. ड्रायव्हरजवळ इन्व्हॉइस, ई-वे बिल, शिपिंग बिल आणि काट्याची पावती अशी छापील गड्डी द्यावी. मोबाइलची बॅटरी नेमकी नाक्यावरच उतरते.

पुण्याकडे जाताना खंबाटकीला घाट चढावा लागत नाही, बोगदा मिळतो, पण बोगद्यानंतरच्या उताराच्या वळणावर चाळीस टनी गाडी वेगात आली तर आतली ठोकलेली चौकट किती पक्की होती ते तिथेच ठरतं. पावसाळ्यात वेळेचं गणित सगळं बदलतं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरजवळ महामार्ग बंद पडला होता. निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणीही रस्त्यावर येतं. विजापूर-सोलापूरवरून वळसा आहे, पण अंतर खूप वाढतं. जुलै-ऑगस्टच्या बुकिंगला आम्ही दोन दिवस जादा धरतो. पाणी चढू लागल्याची बातमी आली की लगेच लाइनला कळवून बुकिंग पुढच्या जहाजावर टाकायला सांगतो. कटऑफ (त्या जहाजासाठीची शेवटची वेळ) उलटून गेल्यावर तेच काम महाग पडतं.

कटऑफ तीन असतात: बीएलच्या मजकुराचा, व्हीजीएमचा आणि गेटचा. नवखा माणूस फक्त गेटचा लक्षात ठेवतो. पहिले दोन आधी येतात, आणि ते चुकले तर कंटेनर गेटच्या आत असूनही जहाजावर चढत नाही. फार लवकर पोचणंही बरं नाही. त्या जहाजासाठी गेट उघडलेलं नसेल तर गाडी बाहेर थांबते आणि थांबल्याचे पैसे लागतात.

समुद्र, नदी आणि पैसे

२०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे मोठ्या लाइन आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागल्या. त्या वाटेने उत्तर युरोपला दहा ते चौदा दिवस जास्त लागतात. बुकिंग करताना वाट कोणती ते विचारा आणि तेलाचा थर, व्हीसीआय आणि ओल शोषणाऱ्या पट्ट्या त्या लांब हिशोबाने निवडा.

बीएलवर उतरायचं बंदर रॉटरडॅम आणि पोचवायचं ठिकाण ड्युसबुर्ग, असं दोन्ही हवं. नुसतं रॉटरडॅम पडलं तर पुढच्या बार्जचं भाडं कुणाचं यावर वाद होतो. ऱ्हाइनचं पाणी उतरलं की बार्ज कमी भरतात आणि जादा आकार लागतो. २०१८ आणि २०२२ मध्ये हे मोठ्या प्रमाणावर झालं. हा आकार कुणी द्यायचा ते कोटेशनमध्येच लिहून घ्यावं.

सगळा प्रवास एकाच वाहतूकदाराच्या बहुविध वाहतूक दस्तऐवजावर असेल तर १९९३ चा कायदा लागू होतो. नुकसानभरपाईची मर्यादा किलोला २ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) किंवा नगाला, म्हणजे इथे पेटीला, ६६६.६७ एसडीआर, जे जास्त असेल ते. आपली पेटी १,२२० किलोंची, म्हणजे वजनाच्या हिशोबाने २,४४० एसडीआर. हलक्या, महाग मालाला मात्र नगांची संख्या महत्त्वाची, म्हणून कागदावर 'एक कंटेनर' एवढंच न लिहिता '२० लाकडी पेट्या' असं लिहून घ्यायचं. वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना माल मिळाल्यापासून सहा दिवसांत आणि दावा नऊ महिन्यांत. गिऱ्हाइकाला हे आधीच कळवा, कारण पेटी उघडणारा तो आहे. तो महिनाभराने गंजाचा फोटो पाठवतो तेव्हा ते सहा दिवस कधीच सरलेले असतात. या मर्यादा मालाची पूर्ण किंमत भरून देत नाहीत, म्हणून विमा वेगळा हवाच. सर्व जोखमींचा, किमतीच्या ११० टक्क्यांचा.

पैसे आले की बँकेला शिपिंग बिल नंबर देऊन ती नोंद बंद करून घ्यायची आणि ई-बीआरसी (निर्यातीचे पैसे आल्याचा दाखला) काढायचं. परदेशी बँक मध्येच आपला आकार कापते, वीस-तीस युरो कमी येतात आणि तेवढ्यासाठी नोंद अर्धवट उघडी राहते. पाठवणाऱ्याने सगळे आकार स्वतःकडे घेऊन रक्कम पाठवावी हे इन्व्हॉइसवरच छापून ठेवा. तरीही कमी आले तर त्याच आठवड्यात बँकेला फरकाचं कारण लिहून द्या. उघड्या नोंदी साठत गेल्या की निर्यातदाराचं नाव रिझर्व्ह बँकेच्या सावधगिरीच्या यादीत जाऊ शकतं, आणि मग पुढच्या कंटेनरच्या कागदांना हात लावण्याआधी बँक आगाऊ पैसे किंवा गिऱ्हाइकाच्या बँकेची रद्द न होणारी हमी (एलसी) मागते.